वीस म्हणजे वीस

हिंदुस्थानची क्रिकेट टीम एके काळी उमरग्याच्या मोटार स्टँडवर निवडली जायची, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. स्टँडसमोर पत्र्याचं एक चहाचं हॉटेल होतं. दुपारच्या मोटारीनं सोलापूरचं वर्तमानपत्र यायचं आणि संध्याकाळी कचेरी सुटली की आम्ही तीन-चार जण तिथल्या बाकावर बसून कामाला लागायचो. महायुद्ध संपलं होतं, विलायतेला टेस्ट खेळायला टीम जाणार होती आणि तिकडं कोणाला न्यायचं यावर आमचं काही केल्या एकमत होत नव्हतं. आमच्यापैकी एकानंही गवतावरचं पीच पाहिलेलं नव्हतं. मी तर आयुष्यात तीनदा ब्याट हातात घेऊन उतरलो आणि तिन्ही वेळचे मिळून दोन रन काढले, त्यातला एक पायाला लागून. पण विलायतेच्या ओल्या हवेत कोणता बोलर चालेल हे मी छातीठोकपणे सांगायचो. कोणी वेगळं बोललं की माझं डोकं फिरायचं. ते अजून फिरतं.

विलायतेची टेस्ट कागदावरची. आमची स्वतःची टेस्ट वेगळी होती. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, सोलापूरच्या एका पेठेची टीम मोटारीनं आमच्या गावी यायची. दोन दिवस, दोन्ही बाजूंचे दोन-दोन डाव, मॅट अंथरून, पंच दोन्हीकडचा एकेक. म्हणून तिला आम्ही टेस्ट म्हणायचो आणि कोणी मॅच म्हटलं तर त्याला दुरुस्त करायचो. चार वर्षं टेस्ट झाली आणि चारही वर्षं आम्ही हरलो.

टीमचे कॅप्टन शाळेतले ड्रिल मास्तर. मी तहसील कचेरीत कारकून, अक्षर बरं, म्हणून टीमचा सेक्रेटरी. मॅट, स्टंपा आणि दोन ब्याटी कापडाच्या दुकानवाल्या अप्पांच्या. अप्पा म्हणजे कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मराठीत आणि राग कानडीत. ज्याची मॅट त्याचं मत जड, हे सांगायला नको. त्यांचा पुतण्या जोराचा बोलर होता. निदान अप्पांच्या मते होता.

सगळी अडचण सोलापूरकरांच्या एकाच माणसामुळं होती. तिसऱ्या नंबरला येणारा, एका गिरणीतला टाइमकीपर, ताडमाड उंच. टप्पा पडायच्या आत तो पुढं यायचा आणि बॉल मैदानाकडेच्या विहिरीपलीकडं भिरकावून द्यायचा. त्याला काढायचा कसा, यावर आमचं अख्खं वर्ष खर्ची पडलं. विलायतेला कोण जाणार हे आम्ही भांडत-भांडत का होईना, शेवटी ठरवून टाकलं, पण ह्या एका टाइमकीपरचं काही ठरेना.

"मॅटवर जोराचा बॉल नाकाडावर येतो," अप्पा म्हणायचे. "दोन्ही बाजूंनी पुतण्याला लावा. त्यो लांबडा माघारी पळंल."

"अप्पा, तुमच्या पुतण्यानं टाकलेला बॉल विकेटीकडं जातो का विहिरीकडं, हे त्याचं त्याला तरी ठाऊक असतं का?"

"ह्यो हुच्चा हाय," अप्पा मास्तरांकडं वळून म्हणायचे. हुच्चा म्हणजे वेडा. माझ्याबद्दलचा एवढा एक कानडी शब्द मी पक्का शिकलो.

मग मी टेबलावर कपबशा मांडायचो. साखरेचा डबा म्हणजे टाइमकीपर. कप म्हणजे आमचे फिल्डर. पुढं येणाऱ्याला जोराचा बॉल म्हणजे आयतं पक्वान्न, त्याला हळू, उंच, डोळ्यांच्या वरून सोडलेला बॉल पाहिजे, हे मी कप सरकवून दाखवायचो. हॉटेलवाला ओरडायचा, "कारकूनसाहेब, गिऱ्हाईक खोळंबलंय, तुमचा लाँगऑन सोडा की वो!"

तसा बॉल टाकणारा गावात एकच माणूस होता. नालबंद चाचा. बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचं त्यांचं काम. वय पन्नासाच्या आसपास, डावखुरे, अंगावर चामड्याचा फडका, तोंडात कायम चार खिळे. त्यांची फिरकी गावात सगळ्यांनी पाहिलेली होती आणि मागच्या टेस्टमध्ये टाइमकीपरनं ती विहिरीपलीकडं मारलेलीही सगळ्यांनी पाहिलेली होती. त्या दिवसापासून अप्पांनी चाचांचं नाव टीममधून काढून टाकलं होतं.

पण अप्पांनी जे पाहिलं नव्हतं ते मी पाहिलं होतं. पावसाळ्यात एका बैलानं लाथ झाडली आणि चाचांच्या डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं. ते वाकडंच बसलं. त्या वाकड्या बोटानं त्यांना एक नवा बॉल दिला. हात तोच, फिरवणं तेच, पण टप्पा पडला की बॉल वळायचाच नाही, सरळ आत घुसायचा. कोंडवाड्याच्या भिंतीवर कोळशानं तीन रेघा ओढून चाचा रोज सकाळी पंचवीस-तीस बॉल टाकायचे. मी कचेरीला जाताना उभा राहून बघायचो. बाहेर जाणारा कोणता आणि आत येणारा कोणता, हे मला दहा पावलांवरून ओळखता येत नव्हतं.

मात्र बोटाच्या सांध्यावर गाठ आली होती आणि ती वाढत होती. हकीमसाहेबांनी सांगून टाकलं होतं की पुढच्या हिवाळ्यापर्यंत ही मूठ नीट मिटायची नाही.

"मुन्शीजी," चाचा मला म्हणाले, "वो लंबे आदमीकू ये गेंद एक बार डालना है. एकच बार. बाद में हात रह्या तो रह्या, गया तो गया."

त्यानंतर मी हॉटेलात शांतपणे बसूच शकलो नाही. महिनाभर भांडलो. मास्तरांना कोंडवाड्यावर नेऊन दाखवलं, तेव्हा ते माझ्या बाजूला आले. अप्पांशी पंधरा दिवस अबोला धरला. शेवटी एका संध्याकाळी अप्पांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "घ्या बाबा तुमच्या नालबंदाला. पण हरलो तर पुढच्या साली मॅट मागायला दारात यायचं न्हाय." त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला. टेस्ट जिंकल्यासारखाच वागत होतो.

आता सोलापूरकरांना पत्र लिहायचं राहिलं होतं. या पत्रावरून दरवर्षी कटकट व्हायची. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची, तिकडं इंग्रजी मुलखात रविवारची. पहिला दिवस कोणाच्या सुट्टीचा धरायचा, म्हणजे रजा कोणी काढायची, यावर चार-चार पत्रं जायची. मला त्याचा वीट आला होता. म्हणून त्या वर्षी मी वार लिहिलाच नाही. 'येत्या वीस तारखेस सकाळी यावे, वाट पाहतो,' एवढंच लिहिलं. आमच्या वीस तारखेला शुक्रवार होता. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'वीस तारीख आनंदाने कबूल.' एका पत्रात काम झालं! गेल्या चार वर्षांत कोणाला जमलं नव्हतं ते मी करून दाखवलं, असं मी हॉटेलात दोन दिवस सांगत फिरलो.

चाचांना निरोप द्यायला मी स्वतः गेलो. ते नळदुर्गच्या खंडोबाच्या जत्रेला निघाले होते. जत्रेत बैल फार येतात, आठवडाभर त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पेटीत हातोडी, कानस, खिळे आणि कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेला बॉल होता.

"वीस तारखेला," मी म्हणालो. "आदल्या दिवशी परत या."

चाचांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "बीस. हौ. मगर किसकी बीस?"

"किसकी म्हणजे? वीस म्हणजे वीस, चाचा!"

"नै, मैं उदरके बाजाराँकू बी जाता ना. इस वास्ते पूछा."

मला घाई होती. कचेरीची वेळ झाली होती. "वीस म्हणजे वीस," मी पुन्हा म्हणालो आणि निघालो.

मग तो रविवार आला. रविवारी आमची कचेरी चालू. मी टेबलावर वाकून जमाबंदीची नक्कल करत होतो. शिपाई आत आला आणि म्हणाला, "साहेब, स्टँडवर अकरा माणसं ब्याटी घेऊन उतरल्यात. तुमचं नाव घेऊ लागल्यात."

मला आधी हसूच आलं. चुकून आले बिचारे, असं मनात म्हणत मी स्टँडवर गेलो. त्यांच्या कॅप्टननं खिशातून माझंच पत्र काढून माझ्यासमोर धरलं. "आज वीस तारीख. रविवार. तुम्ही या वेळी आमच्या सुट्टीचा मान ठेवलात, फार बरं वाटलं."

मी तो कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. आमच्या कचेरीत फसली, म्हणजे निजाम सरकारची स्वतःची, तारीख चालायची. आझूर, दय, बहमन, इसफंदार हे महिने माझ्या हाडात मुरलेले. माझी वीस ती इसफंदारची वीस. त्यांची वीस ती जानेवारीची. आमची तारीख त्यांच्या पाच दिवस मागं चालायची. योगायोग असा, की त्यांच्या वीस तारखेला रविवार पडला आणि आमच्या वीस तारखेला शुक्रवार. दोघांनीही कागदावर आपापली सुट्टी वाचली आणि समोरच्यानं यंदा माघार घेतली म्हणून दोघंही खूश झाले. अशी चूक करायला निजामाच्या कचेरीत दहा वर्षं घासावी लागतात.

सोलापूरकरांना पाच दिवस थांबणं शक्य नव्हतं. गिरणीतून दोन दिवसांच्या वर रजा मिळत नव्हती. मास्तर वर्ग सोडून धावत आले. आमची माणसं गोळा केली तर सात निघाली, बाकीचे हुरड्याच्या शेतात, कोणी तालुक्याबाहेर. हॉटेलवाला आठवा झाला. अप्पांनी दुकान बंद केलं आणि मॅट काढली. जाता जाता मला म्हणाले, "एका पत्रात काम केलं म्हणं, कारकून!"

मी म्हटलं, चाचांना आणतो. उद्या दुसरा डाव आहे, तो तरी त्यांच्या हाती लागेल. तहसीलदारांना घरी आजारपण आहे असं खोटं सांगितलं आणि दुपारच्या मोटारीनं नळदुर्ग गाठलं.

जत्रेत चाचा सापडले ते एका आडव्या पाडलेल्या बैलाजवळ. पाय दोरानं बांधलेले, बैलाचा मालक, बेंबळीचा एक शेतकरी, शिंगं दाबून बसलेला. पाय झाले होते दोन.

"चाचा, उठा! सोलापूरवाले आले. आज."

चाचांनी वर पाहिलं. "आज? आज तो पंद्रह है अपनी."

"त्यांनी तारीख चुकवली," मी म्हणालो.

चाचांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग मूठभर खिळे दातात धरले आणि तिसऱ्या खुरावर वाकले. परतीची मोटार पाऊण तासात होती. मी त्यांना सोडून चला म्हणालो. बेंबळीचा शेतकरी म्हणाला, "आवो, दोन पायांत पत्र्या, दोन पाय उघडे, आसं जनावर म्या दगडातनं न्यावं कसं?" बरोबर होतं त्याचं. पण बरोबर असलेल्या माणसाचा मला त्या वेळी जास्तच राग आला. मी चाचांवर ओरडलो. तुमच्यासाठी महिनाभर भांडलो, अप्पांशी वाकडं घेतलं, आणि तुम्ही बैल तासत बसा, असं काय काय बोललो. दातात खिळे असल्यामुळं त्यांना उत्तर देता येत नव्हतं, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. एक खिळा निघायचा, ठोकला जायचा, मग दुसरा. शेवटचा खिळा तोंडातून निघाला तेव्हा मी गप्प झालो, कारण आता ते बोलू शकत होते आणि काय बोलतील ते मला ठाऊक होतं.

"चलो," चाचा हात पुसत म्हणाले. "मोटर गई क्या?"

मोटार गेली होती. रात्र आम्ही धर्मशाळेत काढली आणि सकाळच्या मोटारीनं निघालो. येणेगूरला मोटार इंजिनात पाणी भरायला थांबली. समोरून उमरग्याची मोटार आली आणि तीही थांबली. तिच्या टपावर ब्याटी बांधलेल्या होत्या.

आमचे दोन्ही डाव आदल्या दिवशीच आटोपले होते. आठ माणसं, त्यात एक हॉटेलवाला. अप्पांच्या पुतण्यानं टाकलेले दोन बॉल विहिरीत गेले, ते तेवढे टाइमकीपरनं घातले नव्हते, वाईडच होते. दुसऱ्या दिवशी खेळण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून सोलापूरकर सकाळीच निघाले होते.

टाइमकीपर पाय मोकळे करायला खाली उतरला. चाचांना बघून स्वतःहून पुढं आला. "चाचा, होतात कुठं? तुमच्याशिवाय मजा नाही आली."

चाचांनी पेटी उघडली, फडक्यातून बॉल काढला. "एक डालूँ क्या?"

टाइमकीपर हसला, पण वाईट हसला नाही. खरंच त्यानं टपाकडं बघितलं. ब्याटी गासड्यांखाली आवळून बांधलेल्या होत्या. मी कंडक्टरच्या अंगावर धावून गेलो. "दोन मिनिटं! फक्त दोन मिनिटं, एक ब्याट काढून द्या!" कंडक्टर म्हणाला, "मोटारीला टाइम हाय का न्हाय?" मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं घंटी मारली.

"पुढच्या वर्षी, चाचा," टाइमकीपर फूटबोर्डवरून म्हणाला. चाचांनी बॉलवर ते वाकडं बोट बसवून बघितलं आणि बॉल परत फडक्यात गुंडाळला. मोटार सुटेपर्यंत मला त्यांच्याकडं बघवेना.

संध्याकाळी हॉटेलात न्यायनिवाडा झाला. तारखेची भानगड सगळ्यांना कळली होती, पण ती सोलापूरकरांच्या गळ्यात गेली. इथं फसली चालते एवढं त्यांना कळू नये का, असं मीच तावातावानं म्हणालो आणि सगळ्यांना ते पटलं, कारण सगळे इथलेच होते. मग उरला प्रश्न हुकमी बोलर वेळेवर का आला नाही, हा. "नालबंदाला टेस्टपरीस जत्रा थोर," अप्पा म्हणाले. "आदल्या दिवशी गावात ऱ्हायला नको का मानसानं? आनी कारकून सांगत्यात, चाचा, चाचा!"

चाचा पायरीवर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. 'किसकी बीस?' हे त्यांनी मला विचारलं होतं. अख्ख्या उमरग्यात तो प्रश्न एका माणसाला सुचला होता आणि सेक्रेटरीनं त्याला झिडकारलं होतं. हे दोघांनाच ठाऊक होतं. मी वाट बघत होतो की आता ते बोलतील. ते बोलले नाहीत. मग मी बोलायला हवं होतं. टीम कशी निवडावी, फिल्डर कुठं ठेवावा, यावर तासन्‌तास बोलणारा मी, तेवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. चहा संपवून चाचा उठून गेले.

पुढच्या हिवाळ्यात अप्पांनी मॅट दिली नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सरहद्दीवर नाकी बसली, सोलापूरचं वर्तमानपत्र बंद झालं, मोटारी अडवल्या जाऊ लागल्या. हिंदुस्थानची टीम ऑस्ट्रेलियात खेळत होती आणि आम्हाला स्कोअर आठ-आठ दिवस कळत नव्हता. हकीमसाहेबांचं म्हणणं खरं झालं. चाचांची मूठ मिटेनाशी झाली. हातोडी ते उजव्या हातानं मारायला शिकले, बॉलचं तसं करता येत नाही.

पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. गावात आनंद होता आणि गावाच्या एका भागात भीती होती. नालबंदांच्या आळीवरून लोक मान खाली घालून जायचे. मीही तसाच जायचो. कचेरीत सुट्टी रविवारची झाली आणि कागदांवर इंग्रजी तारखा पडू लागल्या. माझा हात महिनाभर इसफंदार लिहायला जायचा आणि मी खोडायचो.

एका सकाळी चाचा स्टँडवर दिसले. सोबत घरची माणसं, दोन बोचकी आणि ती पेटी. गुलबर्ग्याला मेव्हण्याकडं निघालो म्हणाले.

"परत कधी?"

"दस तारीखकू आता, मुन्शीजी."

तीन वर्षांपूर्वीची ती वीस तारीख मला आठवली. माफी मागायची होती. पण आजूबाजूला माणसं होती, मोटार सुरू होती, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "किसकी दस, चाचा?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. नळदुर्गच्या जत्रेत बघितलं होतं तसंच. मग ते हसले, मोठ्यानं. वाकड्या बोटाचा तो हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, "अब तो एकच दस है, मुन्शीजी."

दहा तारखेला रविवार होता. मी सकाळपासून हॉटेलच्या बाकावर बसलो. गुलबर्ग्याकडच्या सगळ्या मोटारी येऊन गेल्या. या वेळी तारीख चुकायला कुठं जागाच नव्हती, म्हणून शेवटची मोटार चाचांशिवाय रिकामी झाली तेव्हाच मला कळलं, ते आता यायचे नाहीत.